ड्रॉवरमधला जुना स्मार्टफोन आणि त्याला विचारलेला ठावठिकाणा

आषाढात आमच्या घरी एक एसएमएस येतो : १७.९८, ७४.४३. नकाशात टाकला की फलटण. म्हणजे मामाची दिंडी तरडगाव सोडून फलटणला टेकली. मामा तेव्हा पंगतीत बसलेला असतो आणि उत्तर पाठवतो तो त्याच्या पिशवीतला फोन. पहिल्या पगारातून घेतलेला माझा गॅलेक्सी वाय : २०११ चा, तीन इंची पडदा, १२०० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी, अँड्रॉइड २.३. यावर आज व्हॉट्सॲप चालत नाही, यूट्यूब चालत नाही, गूगलचं खातंसुद्धा उघडत नाही. पण आपण कुठे आहोत हे त्याला अजून कळतं, आणि विचारलं तर तो सांगतो.

असे फोन जवळजवळ प्रत्येक घरात पडून आहेत. ते कामाला कसे लावायचे, हे कधीच न केलेल्या माणसासाठी लिहितोय. मुख्यतः २०१० ते २०१४ च्या अँड्रॉइड फोनांबद्दल, कारण आपल्याकडे पहिला स्मार्टफोन म्हणून बहुतेकांच्या हातात तेच आले.

सुरुवात बॅटरीपासून

फोन सापडला की आपला हात आधी चार्जरकडे जातो. थांबा. मागचं झाकण काढा, बॅटरी बाहेर काढा आणि टेबलावर सपाट ठेवून बोटानं गरकन फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर पोट फुगलंय. अशी बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मी एकदा ‘चालतंय की’ म्हणून फुगलेली बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली होती. सकाळी मागचं झाकण टेबलाखाली सापडलं. फक्त झाकणच उडालं, हे नशीब.

नवीन बॅटरी घ्यायची तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोनच घेऊन जा आणि तिथेच बसवून, चालू करून बघा. बॅटरीवर भलामोठा एमएएचचा आकडा छापलेला असेल तर तो मनावर घेऊ नका. तेवढ्याच खोक्यात दुप्पट वीज मावत नाही.

फोन चालू झाला की सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि अँड्रॉइडची आवृत्ती कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी गणितं या एका आकड्यावर आहेत.

मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं. त्याआधी जुने फोटो आणि मेसेज उतरवून घ्या. त्यात काय काय सापडतं ते बघण्यात एक दुपार जाते, ती जाऊ द्या. रीसेटनंतर फोन गूगल खातं मागेल, तिथे ‘स्किप’ करा. २.३ किंवा त्याच्या आतल्या अँड्रॉइडवर गूगलनं लॉगिन २७ सप्टेंबर २०२१ पासून बंदच केलं आहे. गूगलची ॲपं ज्याच्या जोरावर चालतात त्या गूगल प्ले सर्व्हिसेसचा ४.४ ला असलेला आधार २०२३ मध्ये संपला. व्हॉट्सॲपनंही त्याच वर्षी ऑक्टोबरात ५.० च्या आतल्या फोनांना निरोप दिला. त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. शिवाय या फोनांना सुरक्षेची ठिगळं लागायची थांबून दहा वर्षं होत आली. त्यावर बँक नको, यूपीआय नको, ईमेल नको. खातंच नसलं तर चोरायला काही उरत नाही.

ठावठिकाणा म्हणजे तीन वेगवेगळी कामं

‘लोकेशन ट्रॅकिंग’ म्हटलं की सगळं एकच वाटतं. जुना फोन वापरायचा तर ते सुटं करून बघावं लागतं.

पहिलं काम कळण्याचं : फोनला स्वतःला कळणं, की मी इथे आहे. दुसरं लिहून ठेवण्याचं : कुठून कुठे गेलो याची नोंद फाइलमध्ये करणं. तिसरं कळवण्याचं : ती जागा दुसऱ्याला पोचवणं.

पहिल्या दोन कामांना इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून सतत बोलत असतात, फोन नुसता ऐकतो. ऐकायला सिम लागत नाही, खातं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. उपग्रह नागरी वापरासाठी जो मूळ संदेश पाठवतात तो २०११ च्या चिपला आजही समजतो.

मेलंय ते तिसरं, कारण ते कुणाच्या तरी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर, अवलंबून होतं. गूगल लॅटिट्यूड आठवतंय? फेब्रुवारी २००९ मध्ये आलं, नकाशावर मित्रांचे चेहरे दिसायचे, ऑगस्ट २०१३ मध्ये बंद. धावण्या-चालण्याची नोंद ठेवणारं माय ट्रॅक्स २०१६ च्या एप्रिलअखेर गेलं. ॲप फोनमध्ये तसंच बसलेलं असतं, पण पलीकडे फोन उचलायला कुणी नाही.

म्हणून या फोनांवर ॲप निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : हे बनवणारी कंपनी उद्या बुडाली तर हे चालेल का? चालणार असेल तर घ्यायचं.

जीपीएस जिवंत आहे का

आधी तुमच्या फोनात जीपीएस आहे ना, ते बघा. हसू नका. नोकिया ५२३३ आपल्याकडे घरोघरी होता. मोठा टचस्क्रीन, दिसायला झकास, पण त्यात जीपीएस नव्हता, वायफाय नव्हतं आणि थ्रीजीही नव्हतं. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या ५२३० मध्ये मात्र जीपीएस होता. पहिल्या आयफोनमध्येही, म्हणजे २००७ च्या, जीपीएस नव्हता. तो २००८ च्या आयफोन थ्रीजीत आला.

आता अँड्रॉइडवर : २.३ असेल तर सेटिंग, मग ‘लोकेशन अँड सिक्युरिटी’, त्यात ‘यूज जीपीएस सॅटेलाइट्स’वर टिचकी. शेजारचा ‘वायरलेस नेटवर्क’चा पर्याय राहू द्या बाजूला. तो टॉवर आणि वायफायवरून अंदाज बांधायचा, त्यालाही सर्व्हर लागतो. जीपीएसचा स्विच चालू ठेवल्यानं बॅटरी जाते हा गैरसमज आहे. एखादं ॲप जागा विचारतं तेव्हाच चिप जागी होते. स्विच चालूच ठेवा.

पुढची पायरी घरात करू नका. गच्चीवर जा, मैदानात जा. जीपीएस स्टेटस नावाचं ॲप आहे, त्यात उपग्रहांचे उभे पट्टे दिसतात. फोन आभाळाकडे तोंड करून ठेवा आणि त्याला हात लावू नका. पाच मिनिटांत काही झालं नाही तर ‘जीपीएस गेला’ म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. का वेळ लागतो ते कळलं की धीर धरता येतो.

उपग्रह स्वतःची माहिती पाठवतो ती सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या वेगानं. त्या एका उपग्रहाची कक्षा नेमकी कशी आहे, हे सांगायला त्याला ३० सेकंद लागतात, आणि मध्ये झाड-बाल्कनी आडवी आली की परत पहिल्यापासून. सगळे उपग्रह साधारण कुठे आहेत याचं पूर्ण पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं. तुमचा फोन आठ वर्षं ड्रॉवरमध्ये होता; त्याच्याकडे यातलं काहीच नाही. नवा असताना तो चटकन जागा दाखवायचा, कारण ही माहिती तो इंटरनेटवरून आयती घ्यायचा. आता ती आभाळातूनच उतरवावी लागते.

म्हणून पहिल्या दिवशी वीस मिनिटं द्या. चार पट्टे रंगले की जागा मिळाली. त्यानंतर दोन-तीन तासांत परत विचारलंत तर अर्ध्या-एक मिनिटात उत्तर येतं, कारण कक्षांची माहिती साधारण चार तास कामाची असते. ट्रेकला निघताना मी गाडीतून उतरलो की फोन बॉनेटवर ठेवतो आणि मग बुटाच्या नाड्या बांधतो, चहा घेतो. तोवर तो तयार.

आकडे वाचायला शिका

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, ॲपमध्ये नव्हे. शनिवारवाडा आहे १८.५१९, ७३.८५५ वर. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. महाराष्ट्रात असाल तर पहिला १५ ते २२ च्या आत आणि दुसरा ७२ ते ८१ च्या आत यायलाच हवा. उलटे टाकले तर पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेला थंडगार समुद्रात जाऊन पडतं. माझ्या भावानं मामाला तिथे शोधलं होतं.

दशांश चिन्हापुढचे चार आकडे म्हणजे सुमारे अकरा मीटरपर्यंतची जागा. दोनच आकडे असतील तर किलोमीटरभराचा फरक पडतो. गाव कळतं, घर कळत नाही. वारीसाठी दोन पुरतात. दरीत अडकलेल्या माणसाला शोधायला चारच्या खाली चालत नाही. काही ॲपं अंश-मिनिट-सेकंदात दाखवतात, काही दशांशात. १८ अंश ३१ मिनिटं म्हणजे १८.३१ नव्हे, १८.५१७. ही चूक फोनवर आकडे सांगताना हमखास होते, तेव्हा सगळ्या घरानं एकच पद्धत ठरवून घ्या. दशांश बरी.

उंचीचं वेगळंच. दापोलीच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय बुडवून उभे राहिलात तरी जुना फोन उणे साठच्या आसपास उंची दाखवेल. बिघडलेला नाही तो. जीपीएस पृथ्वीचा एक गुळगुळीत, लंबगोल नमुना धरून उंची मोजतो, आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या नमुन्याच्या साठेक मीटर खाली आहे. नवी ॲपं ही दुरुस्ती स्वतः करतात, जुनी बरीचशी करत नाहीत. सिंहगडावर उंची कमी दिसली तर गडाला दोष देऊ नका.

ॲप फोनमध्ये घालायचं कसं

प्ले स्टोअर नाही, मग? एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप ज्यात बांधलेलं असतं ती फाइल. पण ती जुन्या फोनच्या ब्राउझरमधून उतरवायला गेलात तर बहुतेक साइट उघडणारच नाहीत. आजच्या साइट ज्या कुलपाची भाषा बोलतात, ती टीएलएस १.२ किंवा पुढची, ४.१ च्या आतल्या अँड्रॉइडला येतच नाही. ४.१ ते ४.४ मध्ये ती आहे, पण आपोआप चालू नसते. त्यात अनेक साइट आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतात त्याचं मूळ ७.१ च्या आतल्या फोनांना ओळखीचंच नाही. फोनची तारीख चुकलेली असेल तर उरलीसुरली दारंही बंद. ती मात्र हातानं नीट करता येते.

सोपा मार्ग असा. एपीके कॉम्प्युटरवर उतरवा, मायक्रोएसडी कार्डवर टाका, कार्ड फोनमध्ये घाला. मग २.३ वर सेटिंगमधल्या ‘ॲप्लिकेशन्स’ खाली, ४ च्या पुढे ‘सिक्युरिटी’ खाली ‘अननोन सोर्सेस’वर टिचकी करा, फाइल मॅनेजरमधून एपीके उघडा. काम झालं की ती टिचकी परत काढा. कार्ड ३२ जीबी किंवा त्याच्या आतलं घ्या. ६४ चं कार्ड बाजारातून ज्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतं ते जुन्या फोनांना वाचता येत नाही.

एपीके कुठून घ्यायची? शक्यतो ॲप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून किंवा एफ-ड्रॉइडवरून. एफ-ड्रॉइडवर फक्त मुक्त स्रोताची, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशी ॲपं असतात, आणि प्रत्येक आवृत्तीखाली तिला कमीत कमी कुठलं अँड्रॉइड लागतं ते लिहिलेलं असतं. मघाशी कागदावर लिहिलेला आकडा इथे लागतो. ताजी आवृत्ती तुमच्या फोनला चालणार नाही, खाली खाली जात जुनी शोधा. ‘फुकट डाउनलोड’ची मोठी हिरवी बटणं नाचवणाऱ्या साइटवरून लोकेशनचं ॲप घेणं म्हणजे चोराला आपण रोज किती वाजता घराबाहेर असतो ते कळवणं.

घ्यायची ती ॲपं

नकाशासाठी ओस्मअँड. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेला, नकाशा आधी उतरवून कार्डावर ठेवतो, मग नेट लागत नाही. गूगलच्या नकाशात शहर चांगलं असतं, पण सह्याद्रीतल्या पायवाटा, पाण्याची टाकी, खिंडी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कितीतरी जास्त सापडतात, कारण तिथे चालणाऱ्यांनीच त्या काढल्यात. महाराष्ट्राची फाइल मोठी आहे, उतरवायला वेळ लागेल. नकाशाची नवी फाइल ॲपच्या जुन्या आवृत्तीत उघडते का, ते घरीच तपासा, गडाच्या पायथ्याशी नको. गावांची नावं चौकोन-चौकोन किंवा मोडक्या वेलांट्यांची दिसली तर फोनला देवनागरी धड जमत नाही असं समजा आणि सेटिंगमध्ये नकाशाची भाषा इंग्रजी करा. अँड्रॉइड २ च्या काळात मराठी मेसेज वाचणं हा एक स्वतंत्र खेळ होता, तो ज्यांनी खेळलाय त्यांना हे चौकोन ओळखीचे वाटतील. ओरक्समॅप्सही चांगलं, पण त्यातल्या बटणांच्या जंगलात नवीन माणूस हरवतो.

नोंदीसाठी जीपीएसलॉगर. याला नकाशा नाही, रंग नाही, काहीच नाही. ‘स्टार्ट’ दाबा आणि फोन खिशात घाला, तो जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेतल्या जागांची आणि वेळांची यादी, लिहीत राहतो. माझं सर्वांत आवडतं हेच. किती वेळानं नोंद करायची ते तुम्ही ठरवायचं. चालताना मी २० सेकंद ठेवतो, एसटीत किंवा गाडीत ५. दर सेकंदाला ठेवलं तर रेषा सुंदर येते आणि बॅटरी दुपारी मरते. माझ्या फोनची १२०० एमएएच सलग नोंदीवर पाच-सहा तास पुरते. त्यावरचा उपाय म्हणजे एअरप्लेन मोड. बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्यातही जीपीएस चालतो, कारण त्याला फक्त ऐकायचं असतं. दऱ्यांमध्ये फोन टॉवर शोधण्यात जी वीज उधळतो ती वाचते. तुमच्या फोनात चालतो का, ते आधी गच्चीवर बघून घ्या.

जीपीएक्स फाइल घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडली की अख्खा दिवस रेषेत दिसतो. गुंजवण्याहून राजगड चढताना आम्ही वाट चुकून किती उजवीकडे गेलो होतो, आणि जेवायला नेमका किती वेळ बसलो होतो, हेही. त्याच फाइलीत एक गंमत झाली. तो होता घटस्थापनेचा रविवार, १५ ऑक्टोबर २०२३. फाइलीतली तारीख होती २९ फेब्रुवारी २००४. तोही रविवारच!

झालं असं, की जीपीएस तारीख सांगतो ती आठवडे मोजून, आणि आठवड्यांचा तो आकडा १०२३ पर्यंत जाऊन परत शून्य होतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये परत झालं. २०१९ आधीच्या काही फोनांना हे दुसरं वळण समजत नाही, ते १०२४ आठवडे मागे जाऊन बसतात. पूर्ण आठवडेच मागे गेल्यामुळे वार मात्र बरोबर येतो. जागेवर याचा परिणाम होत नाही, फक्त तारखेवर होतो. नोंदी जपायच्या असतील तर फाइलच्या नावातच खरी तारीख लिहा.

बाकीची ॲपं उरकतो. गाणी आणि व्हिडिओला व्हीएलसीची जुनी आवृत्ती. कंपास असेल तर असू द्या, पण फोन हवेत आठच्या आकड्यात चार-पाचदा फिरवल्याशिवाय त्याच्यावर विश्वास नको. एफएम रेडिओ बहुतेक फोनांत आयता असतो, हेडफोनची वायर हाच त्याचा अँटेना, आणि मामाच्या मते या फोनचा खरा उपयोग तोच.

कळवणं : एसएमएसचा मार्ग

आता ते मेलेलं तिसरं काम. इंटरनेटऐवजी एसएमएस वापरला की ते परत उभं राहतं.

आधी सिम. जुन्या फोनला जिओ चालणार नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. एअरटेलनं थ्रीजी २०२० मध्ये बंद केलं, पण टूजी चालू आहे, व्होडाफोन-आयडियाचंही आहे. एसएमएसला टूजी भरपूर झालं. २०२५ च्या सुरुवातीपासून डेटा नसलेली, फक्त कॉल आणि एसएमएसची रिचार्ज मिळू लागली आहेत, ती या कामाला बरोबर. आणि एक बारीक गोष्ट : जुन्या फोनची खाच मोठ्या सिमची असते. नव्या सिमभोवतीची प्लास्टिकची चौकट फेकलीत तर छोटं सिम आत जाऊन अडकतं आणि बाहेर काढताना खाचेच्या पिना वाकतात. चौकट ठेवा. नसेल तर दुकानात मिळते.

ॲप मी वापरतो ते व्हेअर्स माय ड्रॉइडची जुनी आवृत्ती. फोनवर ठरलेल्या शब्दांचा एसएमएस आला की ते जीपीएस जागा करतं आणि आकडे उलट एसएमएसनं पाठवतं. दुसऱ्या शब्दांवर फोन सायलेंटवर असला तरी जोरात वाजतो. तो घरातच हरवलेल्या फोनसाठी. लावल्यावर तीन गोष्टी लगेच करा. आयता आलेला परवलीचा शब्द बदला आणि असा ठेवा की सहज मेसेजमध्ये येणार नाही. आमचा आधी ‘माउली’ होता, वारीत तो शब्द दिवसातून चाळीस वेळा येतो. ठरावीक नंबरांनाच उत्तर द्यायची सोय असते, ती चालू करा. आणि घराबाहेर जाऊन दुसऱ्या फोनवरून खरोखर एसएमएस करून बघा.

उत्तर आलं नाही तर घाबरून जाऊ नका. राहुटीच्या कापडातून जीपीएस येतो, झेडपीच्या शाळेच्या स्लॅबखालून येत नाही. पालखीच्या मुक्कामाला लाखभर फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, एसएमएस तासानं पोचतो. म्हणून आकड्यांसोबत वेळ आली असेल तर ती आधी वाचा. मामा वाखरीत असताना आम्ही भंडीशेगावचा एसएमएस बघत बसलो होतो.

नकाशावर हलता ठिपकाच हवा असेल तर ट्रॅकार नावाची मुक्त प्रणाली आहे. तिचा सर्व्हर आपल्या कॉम्प्युटरवर बसवायचा आणि फोनवर तिचं क्लायंट ॲप घालायचं. एका नोंदीला डेटा इतका थोडा लागतो की टूजीवरही भागतं. पण घरच्या इंटरनेटला बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती जोडण्यांना तो मिळत नाही. पहिल्याच महिन्यात या भानगडीत पडू नका. एसएमएस नीट चालू द्या, मग बघा.

ज्याच्या खिशात फोन, त्याला विचारून

हे मी मामाला न सांगता करणार होतो. काळजीपोटीच. आईनं अडवलं, ‘त्याला सांग आधी.’ सांगितल्यावर मामा दोन मिनिटं गप्प बसला.

‘म्हंजे मी कुठं हाय, ते तुला पुण्यात बसून दिसणार?’

‘तुम्ही चालू ठेवलात तरच, मामा.’

‘मंग मुक्कामाला मी बंद करणार. रात्री कुठं जातुय मी?’

तेव्हापासून तसंच चालतं. दिवसा चालू, रात्री बंद. बंद कसं करायचं हे मी त्याला सर्वांत आधी शिकवलं. बायको, नवरा, वयात आलेली मुलं, कामावरचा ड्रायव्हर, कुणाच्याही सामानात न सांगता असा फोन ठेवणं हा चोरटा पाठलाग आहे. उघडकीला आल्यावर ‘काळजी होती’ हे कुणी ऐकून घेत नाही, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. ॲपचं चित्र लपवून ठेवायची सोय काही ॲपांत असते. ती लावावीशी वाटली तर आपण काय करतोय ते एकदा स्वतःलाच विचारा.

काम झाल्यावर

वारी संपली, ट्रेकचा हंगाम संपला की फोन तसाच ड्रॉवरमध्ये टाकू नका. जीपीएक्स फाइली कॉम्प्युटरवर उतरवा. बॅटरी साधारण अर्धी असताना फोन बंद करा आणि बॅटरी काढून कागदात गुंडाळून वेगळी ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलीत तर पुढच्या आषाढापर्यंत ती उठणार नाही, पूर्ण भरलेली ठेवलीत तर फुगायची शक्यता जास्त. सिममध्ये रिचार्ज कधी संपतं ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, नाहीतर नंबर जातो. आमचा गेला होता एकदा, आणि नवा नंबर मामाला पाठ व्हायला पुढची वारी उजाडली.